सोलापूरच्या पेठेची मसलत

कोणता माल काढावा, तो कोणासाठी काढावा, कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावे आणि कोणाच्या वाटेस जाऊ नये, हे प्रश्न व्यापाराइतकेच जुने आहेत. परंतु या प्रश्नांची उत्तरे कोष्टकांत आणि चौकटींत मांडून शोधण्याची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. १९५७ साली अमेरिकेत इगोर अँसॉफ यांनी जुना माल आणि नवा माल, जुनी बाजारपेठ आणि नवी बाजारपेठ अशा चार घरांची चौकट मांडली. १९७० मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेने बाजारातील वाटा आणि बाजाराची वाढ या दोन मापांवर उद्योगांचे चार वर्ग पाडले. १९७९ मध्ये मायकेल पोर्टर यांनी असे प्रतिपादन केले की, कोणत्याही धंद्यातील नफा पाच शक्तींच्या ओढाताणीतून ठरतो : प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी, नव्याने शिरू पाहणारा, पर्यायी माल, कच्चा माल पुरविणारा आणि तयार माल उचलणारा. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांची चौपदरी यादी तर आज महाविद्यालयातील कोवळ्या विद्यार्थ्यालाही मुखोद्गत असते. ही साधने उपयुक्त आहेत याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण ती ज्या विचारातून जन्मली तो विचार आपल्या पेठांना अपरिचित होता, असे जे सहजपणे गृहीत धरले जाते, ते मला मान्य नाही.

आपल्या परंपरेत बलाबलाचा हा विचार राजनीतीच्या अंगाने वाढला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणात, स्वारीस निघू पाहणाऱ्या राजाने शक्ती, देश आणि काल यांची आपल्या व शत्रूच्या बाजूने तुलना करावी, असे सांगितले आहे. आणि सातव्या अधिकरणात संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव अशा सहा उपायांची चर्चा करून कोणत्या परिस्थितीत कोणता उपाय स्वीकारावा याचे विवरण केले आहे. रा. प. कंगले यांनी १९६० पासूनच्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठातर्फे या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून मराठी अभ्यासकांना ही चर्चा सुलभ झाली आहे. व्यापाऱ्यांची मसलत मात्र फारशी ग्रंथांत उतरली नाही. ती रोजकीर्दीत, खतावणीत, हुंडीच्या मुदतीत, दलालाच्या पत्रात आणि मालाच्या नमुन्यात राहिली. म्हणून ती वाचायची तर एखाद्या गावाचा इतिहासच वाचावा लागतो, आणि या कामी सोलापूरइतके बोलके गाव महाराष्ट्रात विरळा.

सोलापूरचा गेल्या दीडशे वर्षांचा वस्त्रव्यवसाय पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सर्वांत बलाढ्य कोण, या प्रश्नाच्या मागे न लागता, बलाढ्याला कोठे पोचता येत नाही, हा प्रश्न ज्यांनी विचारला ते तगले. आणि ज्या दिवशी हा प्रश्न विचारणे थांबले त्या दिवसापासून त्यांचीही उतरण सुरू झाली.

मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषांच्या सीमेवर वसलेल्या या कसब्याला निसर्गाने फारसे काही दिले नाही. पाऊस अवेळी आणि अपुरा, हवा कोरडी, आणि दर काही वर्षांनी अवर्षणाचा फेरा हीच या मुलखाची रीत. तथापि १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी सोलापुरास पोचली आणि पुढे गुलबर्गा-रायचूरकडचा मार्ग १८७०-७१ मध्ये खुला होईपर्यंत सुमारे दहा वर्षे लोहमार्गाचे शेवटचे टोक याच गावी राहिले. या दशकात निजामाच्या मुलखातील कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बैलगाड्यांनी येथे येऊन मुंबईकडे चढू लागली, आणि मुंबईहून येणारा माल येथे उतरून आत जाऊ लागला. रेल्वे पुढे गेली तरी अडते, पेढ्या आणि वखारी जागच्या जागी राहिल्या. कारण व्यापाराचा ओघ एकदा ज्या पात्रातून वाहू लागतो ते तो सहसा सोडत नाही. १८७१ च्या सुमारास शहराच्या उत्तरेस एकरूखचा तलाव पुरा झाला आणि पाण्याची निकडही काही अंशी भागली.

या परिस्थितीचे पहिले मोठे व्यापारी अनुमान काढले ते मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनी. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने खेडीच्या खेडी ओस पडत असताना, १८७७ साली त्यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. लोक तिला पुढे केवळ ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. मुंबईतच गिरण्या काढण्याचा प्रघात जोरात असताना त्यांनी समुद्रापासून इतक्या दूर भांडवल गुंतवावे, याचे कारण आजच्या चौकटीत मांडले तरी स्वच्छ दिसते. कापूस दारात, मजूर दुष्काळामुळे काम शोधीत आलेला, मुंबईपर्यंत आगगाडी, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सुताचे गिऱ्हाईक गावातच. कारण सोलापुरात साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन विणकरांचे हजारो हातमाग सूत मागत होते. मुंबईची गिरणी आपले सूत चीनच्या बाजारात पाठवून नफा मिळवीत असताना सोलापूरच्या गिरणीला आपले सूत पलीकडच्या पेठेतही खपविता येत होते. गिरणी आली म्हणजे हातमाग बुडाला, असे जे सूत्र शाळेतील इतिहासाने आपल्या मनावर ठसविले, ते या गावापुरते तरी अपुरे आहे : आरंभी गिरणी ही हातमागाची पुरवठादार होती, आणि तिचे वैर त्यानंतरचे.

पुढे एकोणिसावे शतक संपता संपता आणि विसाव्याच्या पहिल्या दशकात गिरण्यांची संख्या वाढली. हैदराबादच्या सावकारी घराण्यातील नरसिंग गिरजी यांच्या नावाची गिरणी निघाली. सोलापूरचे धनिक आप्पासाहेब वारद यांच्या पुढाकाराने लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या निघाल्या. नवानगरच्या जाम रणजितसिंहांचे नाव धारण करणारी जाम मिलही उभी राहिली. पहाटेच्या भोंग्यावर सारे शहर जागे होऊ लागले. वारदांनी बांधलेले इंद्रभुवन आजही त्या काळातील वैभवाची साक्ष देत उभे आहे, आणि त्यात नगरपालिकेचे, पुढे महानगरपालिकेचे दप्तर आले.

परंतु या गिरण्यांच्या कारभारातच एक मूलगामी दोष दडलेला होता, आणि धोरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो नीट समजून घेण्याजोगा आहे. त्या काळच्या गिरण्या व्यवस्थापकीय अभिकर्त्यांच्या, म्हणजे पेठेच्या भाषेत ‘एजंटां’च्या, हाती असत. मुंबईच्या आरंभीच्या गिरण्यांत एजंटाचा मोबदला नफ्यावर नसून उत्पादनावर असे. निघालेल्या दर पौंड सुतामागे पाव आणा, हा तेथला प्रसिद्ध दर. ज्याचा मोबदला पौंडावर मोजला जातो त्याला अधिक पौंड काढण्यातच हित दिसते. कोणते सूत काढावे, कोणते काढू नये, या वर्षी माग थांबवावेत की काय, यंत्रे बदलण्यासाठी गंगाजळी साठवावी की नाही, हे प्रश्न त्याच्यापुढे तीव्रतेने उभेच राहत नाहीत. दर पौंडाची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडू लागली, तरी एजंटाचे हित आणि कंपनीचे हित यांतील अंतर कायम राहिले, आणि ही सारी पद्धती कायद्याने संपुष्टात आली ती थेट १९७० मध्ये. माप चुकले की मसलत चुकते. मग कोष्टक कितीही सुबक असो.

आता गिरणीच्या तटाबाहेर, ज्याला सोलापूरकर ‘पूर्व भाग’ म्हणतात त्या वस्तीकडे वळू. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या पद्मशाली कुटुंबांनी ही वस्ती भरली, आणि घरात तेलुगू, बाजारात मराठी असा तिचा द्वैभाषिक संसार आजतागायत चालू आहे. गिरण्या स्वतः धोतरे आणि लुगडी विणू लागल्या, मँचेस्टरचे कापड तर आधीपासूनच येत होते, आणि तरीही या वस्तीतील हातमाग नष्ट झाले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत सोलापूर हे दख्खनमधील हातमागाचे एक अग्रगण्य केंद्र राहिले. हे कसे घडले, याचे उत्तर मागाच्या रचनेत आणि बायकांच्या पसंतीत आहे.

नऊवारी लुगडे ही त्या काळच्या दख्खनमधील स्त्रीची नित्याची गरज होती. पण ते लुगडे सर्वत्र एक नव्हते. वऱ्हाडात एका रंगाला मागणी, खानदेशात दुसऱ्या. मराठवाड्यातील कुणबिणीला काठ रुंद हवा, तर कर्नाटकच्या सीमेवरील बाईला पदराची तऱ्हा निराळी हवी. शिवाय वय, जात, सधवापण आणि सणवार यांनुसार भेद पुन्हा वेगळे. गिरणीचा लाभ एकसारख्या कापडाचे लांबच लांब ठाण काढण्यात होता. दहा-पंधरा लुगड्यांपुरता काठ बदलायचा, पुढच्या आठवड्यात रंग बदलायचा, हे तिला परवडत नसे. हातमागावर मात्र ताणा लहान लावता येई, रंगीत सूत हवे तसे भरता येई, आणि मागच्या बाजारात न खपलेली तऱ्हा पुढच्या ताण्यात गाळून टाकता येई. सोलापूरच्या कारखानदाराने हा भेद ओळखला आणि गिरणीला जेथे पाऊल टाकता येत नव्हते नेमक्या त्या जागी आपला माल उभा केला. त्यासाठी त्याने यंत्राचा तिरस्कारही केला नाही : झटक्याचा धोटा त्याने स्वीकारला, काठाच्या नक्षीसाठी डॉबी बसविली, सूत गिरणीचे घेतले, रंग परदेशी रसायनांचे घेतले. सोवळे राखण्यापेक्षा जागा राखणे त्याला महत्त्वाचे वाटले, आणि त्याचा तो निर्णय योग्य होता.

हा निर्णय ज्या रीतीने घेतला जाई ती जवळून पाहण्यासारखी आहे. चाटी गल्लीतील कापडाच्या दुकानात परगावचा व्यापारी बैठकीवर बसे. कारखानदार काखोटीस मारून आणलेले लुगडे घडी मोडून त्याच्यापुढे पसरी. व्यापारी काठ बोटांत धरून चोळून पाही, पदर उजेडाकडे धरी, पोत विरळ आहे की घट्ट याचा अदमास घेई, आणि मग भाव निघे. या बैठकीतून कारखानदार घरी परते तो केवळ पैसे घेऊन नव्हे, तर कोणता काठ ‘चालतो’ आणि कोणता पडून आहे याची बातमी घेऊन. घरी वही उघडून तो सुताचा भाव, रंगणावळ, पांजणीचा खर्च, कांड्या भरण्याची मजुरी, विणणावळ, दलाली, वटाव आणि पैसे किती दिवसांनी येणार त्यावरचे व्याज असा एकेका लुगड्याचा पडता काढी. ज्वारीचे पीक कसे आहे, लग्नसराई मोठी की लहान, निजामाच्या हद्दीवरील जकात काय, आषाढीला पंढरपुरास आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला किती लोक लोटतील, या साऱ्यांचा अंदाज त्या पडत्याच्या शेजारी मनात बसे. पोर्टर यांच्या पाचही शक्ती त्याच्या वहीत हजर होत्या : सूत विकणारा अडत्या, लुगडे उचलणारा चाटी म्हणजे कापडव्यापारी, शेजारचा कारखानदार, गिरणीचे कापड, आणि उद्या उचल घेऊन स्वतःचा माग घालणारा त्याचाच विणकर.

येथे एक अप्रिय सत्य सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारखानदाराच्या या चातुर्याचा भार ज्याच्या खांद्यावर पडत होता तो मजूर विणकर या हिशेबात केवळ ‘विणणावळ’ या एका रकमेपुरता उरला होता. मंदीत माल साठला की काम थांबे, आणि थांबलेल्या कामाची झीज विणकराच्या चुलीवर पडे. लग्नकार्यासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याला मालक बदलता येत नसे. त्याची बायको कांड्या भरी, मुले धागे सांधीत, आणि त्यांच्या श्रमाचा आकडा कोणत्याच वहीत चढत नसे. पुढे याच घरांतील स्त्रियांनी विड्या वळून संसार सावरले, आणि सोलापूरच्या विडी उद्योगाचा डोलारा त्यांच्याच बोटांवर उभा राहिला. ज्या धोरणात बाजार बारकाईने मोजला जातो आणि माणूस ढोबळपणे, ते धोरण अपुरे असते, हे मी कोणत्याही काळाच्या व्यवस्थापनशास्त्राला सांगू इच्छितो. सुदैवाने या जीवनाची नोंद झालीच नाही असे नाही : पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे रा. गो. काकडे यांनी केलेली सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचा ग्रंथ १९६५ मध्ये. एखाद्या शहराच्या बलस्थानांचा आणि उणिवांचा शोध कसा घ्यावा, याचे हे दोन ग्रंथ आदर्श आहेत.

रिकामी जागा शोधण्याची हीच दृष्टी घेऊन याच गावचा एक तरुण निराळ्या दिशेस गेला. १८८२ साली सोलापुरात दोशी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद यांना घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार वारशाने मिळाला होता. त्या सुरक्षित पेढीत रमण्याऐवजी त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीत बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा मक्ता घेतला, आणि तेथून सुरू झालेला त्यांचा प्रवास सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीपर्यंत पोचला. तिची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली. पुढे विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांतही त्यांनी हात घातला. गिरण्यांच्या गर्दीत आणखी एक गिरणी घालण्यापेक्षा, देशात जे नाही ते उभारावे, हा त्यांचा निवाडा होता. परकी जहाज कंपन्यांनी दर पाडून त्यांना जेरीस आणले, तेव्हा रिकामी दिसणारी जागा अनेकदा कोणीतरी राखलेली असते, हाही अनुभव त्यांना आला.

इकडे गिरण्यांचे दिवस पालटत होते. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने काही दिवस इंग्रजी अंमल झुगारून दिला, सरकारने लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फाशी दिले गेले. या चार हुतात्म्यांचे गाव हे गिरणीकामगारांचे गाव होते, हे विसरता कामा नये. दुसऱ्या महायुद्धाने गिरण्यांना अमाप मागणी आणली. पण त्या कमाईच्या काळात जुनाट यंत्रे बदलली न गेल्याने युद्धोत्तर काळ जड गेला. ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या गिरणीचे काम बंद पडले, हजारो कामगार रस्त्यावर आले, आणि जानेवारी १९५० मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. नवे संविधान नुकतेच अमलात येत होते. एका भागधारकाने मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून दाद मागितली. चिरंजितलाल चौधरी यांच्या त्या खटल्यात १९५० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सरकारी कायदा उचलून धरला. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात मात्र १९५३ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने हा ताबा मालमत्तेच्या हक्काविरुद्ध ठरविला. देशभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूरचे नाव आजही या दोन निवाड्यांमुळे पाठ असते. गिरणी मात्र या निवाड्यांनी वाचली नाही. तिचा ताबा कोणाचा, यावर इतका खल झाला. तिने पुढे कोणते कापड काढावे, यावर तितका झाल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या मसलतीत सरकार हा नवा भागीदार आला. १९५० मध्ये रंगीत लुगड्यांसारखे काही कापडाचे प्रकार हातमागासाठी राखून ठेवण्यात आले, तर १९५४ मध्ये कानुनगो समितीने हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर करण्याची शिफारस केली. एका हाताने कुंपण आणि दुसऱ्या हाताने वाट, अशा या परस्परविरुद्ध धोरणांच्या काळातच सोलापूरच्या मुख्य मालाचे गिऱ्हाईक पालटले. शहरी आणि मग ग्रामीण स्त्रियांनी नऊवारी सोडून पाचवारी घेतली. तलम गिरणी-साडी, कृत्रिम रेशीम आणि पुढे नायलॉन-पॉलिएस्टर यांनी जाड्या रंगीत लुगड्याची जागा घेतली. ज्या विविधतेच्या आश्रयाने हातमाग तगला होता ती विविधताच ओसरली. या प्रसंगी पूर्व भागाने दुसऱ्यांदा आपल्या बलाबलाचा विचार केला, आणि तो वळला चादरीकडे.

चादरीची नक्षी जेकार्डावर निघते. १८०४ साली फ्रान्समध्ये जोझेफ जॅकार्ड यांनी सिद्ध केलेल्या या साधनात पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांची माळ मागाच्या माथ्यावर फिरते. एकेक पट्टी म्हणजे बाण्याचा एकेक धागा, आणि त्या पट्टीवर जेथे छिद्र असेल तेथील ताण्याचे धागे उचलले जातात. आधी चौकटीच्या कागदावर घर न् घर रंगवून मोर किंवा वेलबुट्टी काढायची, मग त्यावरून शेकडो पट्ट्या छेदायच्या, त्या क्रमाने ओवायच्या, आणि मग पहिली चादर विणायची. यामुळे जे उभे राहिले ते अप्रतिम होते : दोन्ही बाजूंनी रंग उलटसुलट दिसणारी, धुण्यागणिक मऊ होणारी, दुसऱ्या पिढीपर्यंत टिकणारी सुती चादर, जी तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर यांच्या वाटेवरील यात्रेकरूंनी घरोघर पोचविली. पुलगम, चाटला, मयूर ही नावे मराठी घरांत मालाच्या खात्रीची नावे झाली. टेरी टॉवेलने परदेशी बाजारपेठही मिळविली. अँसॉफ यांच्या चौकटीतील नव्या मालाचे आणि नव्या बाजारपेठेचे अवघड घर सोलापूरच्या विणकराने असे स्वतःच्या हिमतीवर गाठले, आणि त्याबद्दल या गावाला शाबासकी द्यावी तेवढी थोडी.

परंतु याच माळेत पुढच्या अडचणीचे बीज होते. लुगड्याच्या डॉबीवर तऱ्हा स्वस्तात बदलता येई; जेकार्डाच्या पट्ट्यांचा खर्च मात्र एकाच नक्षीच्या पुष्कळ चादरींवर वाटल्याखेरीज भरून निघत नाही. म्हणून नक्षी तीच, रंग तेच, आणि उत्पादन अधिकाधिक, असे वळण धंद्याला पडले. ज्या विणकराने एके काळी लहान ताण्याच्या बळावर गिरणीला चकविले, तोच यंत्रमाग घेऊन गिरणीच्या मार्गाने चालू लागला. आणि एकसारख्या मालाच्या मोठ्या राशी काढण्याच्या स्पर्धेत ज्याचे भांडवल मोठे त्याची सरशी होते. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांच्या मऊ, हलक्या दुलया बाजारात आल्या तेव्हा सुती चादर भावात मागे पडली. सोलापूरच्या नावाचा लौकिक असा की, अन्यत्र विणलेली चादरही त्याच नावाने खपू लागली. यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकनाची नोंदणी करण्यात आली. २००५ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना ही मान्यता मिळाली, आणि महाराष्ट्रातून असा मान मिळविणारी चादर ही पहिली ठरली. नावाचे रक्षण झाले, हे चांगलेच झाले; पण केवळ नावाच्या रक्षणाने गिऱ्हाइकाच्या नव्या गरजेचे उत्तर मिळत नाही. दरम्यान नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरण्यांचा भोंगाही कायमचा थांबला.

अलीकडे सोलापुरात शाळांचे आणि कारखान्यांचे गणवेश शिवण्याचा धंदा वाढीस लागला आहे, आणि त्यात मला जुन्या मसलतीचा पुनःप्रत्यय येतो. कारण प्रत्येक शाळेचा रंग निराळा, मापे निराळी, तुकडी लहान आणि मुदत कडक, म्हणजे पुन्हा तीच जागा, जेथे अवाढव्य उत्पादकाला वाकून काम करावे लागते आणि लहान कारखानदाराला सरळ उभे राहता येते. चादरीलाही अशी जागा शोधता येणार नाही असे नाही. पण त्यासाठी नव्या नक्षीचा खर्च कमी करणारी संगणकावर चालणारी जेकार्डे, कसलेला नक्षीकार आणि विणकराला सन्मानाने जगविणारी मजुरी या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागेल.

कोष्टकांची ही नवी साधने माझ्या मते एका निकषावर पारखावीत : आज आपण जे उत्तम करतो ते उद्या सोडावे काय, हा प्रश्न ती विचारू देतात की नाही. गिरण्यांच्या धन्यांनी तो विचारला नाही आणि त्या बुडाल्या. विणकरांनी तो एकदा विचारला आणि ते लुगड्यावरून चादरीवर आले. चादरीने मान दिल्यावर मात्र तो विचारण्यास पुष्कळ उशीर झाला. सोलापूरच्या ज्या कुटुंबांच्या माळ्यावर जुन्या वह्या, काठांचे नमुने, पट्ट्यांच्या माळा आणि रंगविलेले नक्षीकागद अजून पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. आणि २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या विद्यापीठाने ते मागून घेऊन त्यांचे दप्तर लावावे. व्यापारनीती शिकणाऱ्या येथील तरुणाने बोस्टनची चौकट अवश्य शिकावी. पण तिच्या चार घरांत भरावयाचे आकडे त्याने आपल्या आजोबांच्या खतावणीतून काढावेत, आणि त्या खतावणीत ज्यांची नावे चढली नाहीत त्या विणकरांसाठी व कांड्या भरणाऱ्या स्त्रियांसाठी एक रकाना आपल्या हाताने आखावा.